सैनिकाची पत : वाहनकर्जाच्या परिभाषेचा अर्थविचार

'पत' हा शब्द मराठीत जितका व्यवहाराचा आहे तितकाच अब्रूचाही आहे. एखाद्याची बाजारात पत आहे असे म्हटले म्हणजे त्याला माल उधार मिळतो एवढाच बोध होत नाही. तो मनुष्य भरवशाचा आहे, त्याचे घराणे ठाऊक आहे, त्याच्या शब्दाला चार माणसांत वजन आहे, हा सर्व आशय त्या दोन अक्षरांत सामावलेला असतो. 'पत राखणे', 'पत जाणे', 'पत सांभाळणे' या वाक्प्रचारांतील पत ही व्यक्तीच्या ठिकाणी वसणारी, परंतु इतरांनी मान्य करावयाची अशी गोष्ट आहे. तिच्या शेजारचा 'ऐपत' हा शब्द मात्र निराळ्या जातीचा होय. ऐपत म्हणजे प्रत्यक्ष सामर्थ्य. देण्याची, खर्चण्याची, पेलण्याची शक्ती. ऐपत असून पत नसलेले आणि पत असून ऐपत नसलेले असे दोन्ही प्रकारचे लोक गावोगाव आढळतात, आणि मराठी बोलणारा या दोहोंत सहसा गल्लत करीत नाही.

विसाव्या शतकात सहकारी चळवळीबरोबर 'पतपेढी', 'पतसंस्था', 'पतपुरवठा' हे समास रूढ झाले. त्यांपैकी 'पतपुरवठा' हा शब्द अर्थदृष्ट्या विशेष लक्षणीय आहे. जी पत पूर्वी ऋणकोची होती तीच या समासात धनकोने पुरवावयाची वस्तू झाली. पुढे 'पतधोरण' आले, 'पतमानांकन' आले. आणि मानांकनाबरोबर पतीला अंकाचे रूप प्राप्त झाले. माणसाचा गुण, संस्थेने पुरविलेला माल, आणि अखेर यंत्राने मोजलेला आकडा, अशी ही वाटचाल आहे. ती केवळ कोशकारांच्या कुतूहलाची गोष्ट असती तर तिचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु या तिन्ही अर्थांची टक्कर जेथे प्रत्यक्ष होते असे एक ठिकाण आहे : सैन्यदलात सेवेत असलेला, पूर्वी कधी कर्ज न घेतलेला तरुण मोटारीसाठी बँकेत अर्ज करतो ते.

या प्रश्नाचे स्वरूप कळण्यासाठी एखादे गाव दृष्टीसमोर ठेवणे सोयीचे होईल. इंदापूर तालुक्यातील डाळज हे गाव भिगवण आणि पळसदेव यांच्या दरम्यान, पुणे–सोलापूर महामार्गालगत, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी आहे. 'डाळज नंबर एक', 'दोन', 'तीन' अशी त्याची क्रमांकांकित गावे आहेत. बारामती–इंदापूरचा हा टापू उसाचा आणि सहकाराचा. येथील शेतकऱ्याची पत कशावरून ठरते हे सांगण्यास आकड्यांची गरज नाही. त्याच्या नावे सातबारा असतो. विकास सोसायटीचे पीककर्ज त्या सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा म्हणून चढते. ऊस कारखान्यास गेला म्हणजे बिलातून सोसायटीची रक्कम कापली जाते. कर्ज, तारण आणि वसुली ही तिन्ही गावाच्या कक्षेत, गावाच्या भाषेत आणि गावाच्या डोळ्यांदेखत घडतात.

अशा घरातला मुलगा अठराव्या–एकोणिसाव्या वर्षी सैन्यात भरती होतो आणि या वर्तुळाच्या बाहेर पडतो. जमीन बहुधा वडिलांच्या वा आजोबांच्या नावे असते. वाटणी झालेली नसते. सोसायटीचे सभासदत्व त्याच्याकडे नसते. त्याचे वेतन दरमहा नियमाने जमा होते, पण त्याचा मुक्काम दर दोन–तीन वर्षांनी बदलतो. निवास, भोजन, गणवेश सरकारी असल्याने उधारीचा प्रसंगच त्याच्यावर फारसा येत नाही. कर्जाच्या दृष्टीने त्याचे आयुष्य कोरे राहते.

'कोरा' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. मराठी शेतकऱ्याच्या बोलीत 'सातबारा कोरा' असणे ही मोठी भाग्याची अवस्था समजली जाते. कोऱ्या सातबाऱ्याची मागणी महाराष्ट्राच्या राजकारणात वर्षानुवर्षे घुमत आली आहे. कोरा म्हणजे निष्कलंक, बोजारहित, मोकळा. पतनोंदीच्या यंत्रणेत मात्र हाच कोरेपणा दोष ठरतो. भारतात २००० साली स्थापन झालेल्या आणि 'सिबिल' या संक्षिप्त नावाने सर्वतोमुखी झालेल्या संस्थेची गुणसंख्या ३०० पासून ९०० पर्यंत असते. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याच्या नावापुढे ३०० देखील येत नाही, 'उणे एक' अशी खूण येते. या खुणेचा अर्थ 'इतिहास नाही' इतकाच आहे. ती गुणसंख्या नव्हेच. परंतु चिन्हाला स्वतःची एक वाणी असते. उणे या चिन्हाचा लौकिक अर्थ कमतरता असा असल्यामुळे अर्जदाराला, आणि क्वचित् बँकेच्या मेजापलीकडच्या मनुष्यालाही, 'याची पत वाईट आहे' असेच ते वाचावेसे वाटते. अज्ञात आणि अविश्वसनीय या दोन कल्पनांतील सीमारेषा अशा रीतीने एका आडव्या रेघेने पुसली जाते.

याच्या उलट बाजूही नोंदविली पाहिजे. नोंद कोरी आहे असे समजणाऱ्या सैनिकाची नोंद प्रत्यक्षात कोरी नसण्याचा संभव असतो. ग्रामीण भागात पतसंस्था वा सहकारी बँक कर्ज देताना पगारदार जामीनदार मागते, आणि भावकीत ठरावीक पगाराचा मनुष्य म्हणजे बहुधा रजेवर आलेला जवानच. सुट्टीत काकाने कागद पुढे केला, पुतण्याने सही केली, आणि दोघेही ती गोष्ट विसरून गेले, असे होते. 'जामीन' हा अरबी शब्द मराठीत इतका मुरला आहे की जामीन राहणे म्हणजे केवळ नात्याखातर पाठीशी उभे राहणे असा त्याचा अर्थ घरोघर समजला जातो. कायद्याच्या दृष्टीने जामीनदाराचे दायित्व ऋणकोच्या दायित्वाइतकेच असते, आणि बँकेने कळविलेली जामीनकीची नोंद त्याच्या स्वतःच्या पतनोंदीत उमटते. काकाचे हप्ते थकले तर पुतण्याच्या नावापुढे ती थकबाकी दिसू शकते. दुसरीकडे, सर्व पतसंस्थांचे व्यवहार या नोंदीपर्यंत पोचतातच असे नाही. त्यामुळे ज्या कुटुंबाने पतसंस्थेचे कर्ज वर्षानुवर्षे चोख फेडले त्याचा गुणही कोठे मांडला जात नाही.

'पत-इतिहास' या संज्ञेतील इतिहास या पदाकडे या टापूत तरी थोडे थांबून पाहणे अवश्य आहे. बारामती तालुक्यातील सुपे येथे, त्या काळच्या भीमथडी तालुक्यात, १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्ध उठाव झाला. उठावकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जखतांवर आणि वह्यांवर होता. ज्या कागदांनी त्यांना बांधले होते ते कागद त्यांनी जाळले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला. या कायद्याने न्यायालयास असे कर्तव्य लावून दिले की, सावकाराने पुढे केलेले खत तेवढेच प्रमाण न मानता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा : मूळ रक्कम किती, व्याज किती, कोणत्या खतातून कोणते खत निघाले. कृषकास पावती, वार्षिक हिशेब आणि हिशेबाचे पुस्तक मागण्याचा हक्कही मिळाला.

म्हणजे कर्जाच्या इतिहासाची चौकशी ही कल्पना या प्रदेशात प्रथम ऋणकोच्या संरक्षणार्थ आली. सव्वाशे वर्षांनंतर, पतमाहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्याने जो इतिहास नोंदविला जाऊ लागला तो मुख्यतः धनकोच्या सोयीसाठी आहे. शब्द एकच, तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्या जागा मात्र बदलल्या. या बदलाला काही अंशी मुरड घालण्याचा यत्न अलीकडे झाला आहे. प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पत-इतिहास नाही एवढ्याच कारणाने नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निदेशांत बँकांना सांगितले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वित्त मंत्रालयाने लोकसभेत त्याचा पुनरुच्चार केला. तथापि 'नाकारू नये' याचा अर्थ 'त्याच दराने द्यावे' असा होत नाही. कोऱ्या नोंदीच्या अर्जदारास अधिक व्याजदर, अधिक आगाऊ भरणा किंवा सहकर्जदार या मार्गांनी तिची किंमत मोजावी लागू शकते.

सैनिकाने वाहनासाठी ऋण काढावे ही गोष्ट महाराष्ट्रात नवीन आहे असे मात्र समजू नये. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस राही. 'शिलेदार' हा मूळचा 'सिलाहदार', म्हणजे शस्त्रधारी. मराठीत त्याला घोड्याच्या मालकीची अर्थच्छटा चिकटली. शिलेदारास चाकरीच्या आरंभी जी आगाऊ रक्कम देण्यात येई तिला 'नालबंदी' म्हणत. नावात घोड्याच्या नालेचा उल्लेख असला तरी ती व्यवहारतः पुढील वेतनावर दिलेली उचलच होती. घोडा मेला तर नुकसान शिलेदाराचे; बारगिरास ती चिंता नसे. वाहन आपले असणे आणि वाहन धन्याचे असणे यांतील हा भेद वेतनाच्या, प्रतिष्ठेच्या आणि ऋणाच्या भाषेत एकाच वेळी व्यक्त होत होता.

ब्रिटिश काळात ही पद्धत सिल्लेदारी घोडदळाच्या रूपाने टिकून राहिली. १८१७ च्या पुणे तहान्वये उभारलेल्या साहाय्यक घोडदळातून पुढे आलेली पूना हॉर्स ही पलटण त्यांपैकीच एक. सिल्लेदारी पलटणीत दाखल होणाऱ्या स्वाराला घोडा व साजसरंजाम यांसाठी एक ठरावीक रक्कम भरावी लागे. तिला 'असामी' म्हणत. ज्याच्यापाशी ती नसे त्याला पलटणीच्या निधीतून उचल देऊन ती वेतनातून हप्त्याहप्त्याने कापून घेत, आणि नोकरी सोडताना असामीची किंमत त्याला परत मिळे. मराठीत 'असामी' म्हणजे व्यक्ती, आणि असामी म्हणजे नेमणुकीची जागाही. सिल्लेदारीत मनुष्य, त्याची जागा आणि तिचे मोल या तिहींना एकच शब्द पुरला. येथे पत कोण ठरवीत असे? पलटण. स्वार कोण, कोठला, कोणाच्या ओळखीने आला, हे तिला ठाऊक असे. तीच धनको, तीच वेतनदाती आणि तीच साक्षीदार होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत ही पद्धत संपुष्टात आली.

स्वतंत्र भारतात तिचा एक क्षीण वारसा सव्याज मोटार अग्रिमाच्या रूपाने बराच काळ चालू होता. केंद्र शासनाच्या सेवकांना मिळणारे हे अग्रिम सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर, २०१६ पासून, बंद झाले. १९४८ साली स्थापन झालेला आणि मुंबईत मुख्यालय असलेला कँटीन स्टोअर्स विभाग सैनिकास मोटार सवलतीत मिळवून देतो; हुद्द्यानुसार किमतीची, इंजिनाच्या क्षमतेची आणि दोन खरेद्यांमधील अंतराची मर्यादा त्यास असते व तीविषयीचे आदेश वेळोवेळी बदलतात. परंतु हा विभाग माल देतो, कर्ज देत नाही. कर्जासाठी सैनिकास बँकेकडेच जावे लागते. भारतीय स्टेट बँकेसह अनेक बँकांनी सैन्यदलांशी करार करून वेतनखात्याच्या विशेष योजना आखल्या आहेत, आणि ज्याचे वेतन त्याच बँकेत जमा होते त्याच्या बाबतीत कोऱ्या पतनोंदीचा प्रश्न बराचसा सौम्य होतो. कारण दरमहा येणारे वेतन हाच एक इतिहास त्या बँकेपुढे असतो. पलटणीच्या निधीने जे काम केले ते काही अंशी आता वेतनखाते करते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

मग बँकेला तारणाची एवढी आस्था का, असा प्रश्न उद्भवतो. त्याचे उत्तर सैन्यविषयक कायद्यात आहे. १९५० च्या सेना अधिनियमाचे अठ्ठाविसावे कलम असे आहे की, सैनिकाची शस्त्रे, वस्त्रे, साधने, किंवा कर्तव्यासाठी तो वापरीत असलेला पशू जप्त करता येणार नाही, आणि त्याचे वेतन व भत्ते दिवाणी अथवा महसुली न्यायालयाच्या आदेशाने अटकावून ठेवता येणार नाहीत. एकोणतिसाव्या कलमाने ऋणाबद्दल अटकेपासूनही त्यास संरक्षण दिले आहे. शिलेदाराचा घोडा या कलमात अजून उभा आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल. यांखेरीज १९२५ चा सैनिकांच्या दाव्यांविषयीचा कायदा युद्धस्थितीत वा विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाविरुद्धचे दावे त्याच्या गैरहजेरीत पुढे रेटले जाऊ नयेत अशी तरतूद करतो. अमेरिकेतील २००३ चा कायदा याहून एक पाऊल पुढे जाऊन सेवेत येण्यापूर्वीच्या कर्जावरील व्याज सेवाकाळात सहा टक्क्यांवर रोखतो. पण तेथीलही २००६ चा सैनिक-कर्जविषयक कायदा वाहनाच्याच तारणावर वाहनखरेदीसाठी दिलेल्या कर्जास आपल्या छत्तीस टक्क्यांच्या कमाल मर्यादेतून वगळतो. संरक्षणाची कक्षा नेमकी मोटारीपाशी संपावी, हा योग दोन्ही देशांत सारखाच दिसतो.

या संरक्षणाचा परिणाम दुहेरी आहे. वेतन न्यायालयाच्या हाताबाहेर असल्यामुळे कायद्याच्या अर्थाने ते भक्कम तारण होत नाही. म्हणून धनकोची दृष्टी अपरिहार्यपणे मोटारीकडे वळते. वेतनखात्यातून हप्ता वळता करण्यास सैनिकाने स्वतः संमती दिलेली असते, तो भाग वेगळा. हप्ते थकले तर वेतन सुरक्षित राहील, मोटार राहणार नाही. मोटार ओढून नेण्यासाठी दांडगाईचा अवलंब धनकोने करू नये, रीतसर मार्गानेच ताबा घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकवार बजावले आहे. पण रीतसर मार्ग त्यास मोकळा असतो.

ऋणकोच्या ताब्यात राहूनही धनकोस बांधलेल्या अशा वस्तूस मराठीत एक अत्यंत अर्थवाही शब्द आहे : 'नजरगहाण'. 'गहाण' हा संस्कृत 'ग्रहण'पासून प्राकृतातून आलेला, म्हणजे मुळात घेणे, हाती धरणे या अर्थाचा, 'नजर' अरबी. ताबेगहाणात वस्तू धनकोच्या हाती जाते, नजरगहाणात ती त्याच्या केवळ नजरेखाली राहते. ग्रहण न करता गहाण, हा विरोधाभास या समासाने सहज पेलला आहे. वाहनकर्जाच्या कागदपत्रांत मात्र हा शब्द क्वचितच दिसतो. तेथे 'हायपोथिकेशन' असते, आणि बोलण्यात 'एचपी' : 'गाडीवर एचपी आहे', 'एचपी चढली', 'एचपी काढायची आहे'. मूळ संज्ञेचा अर्थ ज्यास ठाऊक नाही तोही ही आद्याक्षरे बिनचूक वापरतो. आणि 'चढणे', 'उतरणे' ही क्रियापदे त्याने सातबाऱ्याच्या बोज्यावरून आणली आहेत. परकी संज्ञा गावच्या व्याकरणात बसविण्याची ही रीत अभ्यसनीय आहे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या एक्कावन्नाव्या कलमान्वये ही नोंद वाहनाच्या नोंदणीपुस्तकात होते; सातबाऱ्याचा 'इतर अधिकार' रकाना आणि नोंदणीपुस्तकातील हा उल्लेख यांचे कार्य तत्त्वतः एकच आहे.

शब्दांच्या अपुऱ्या ज्ञानाने सैनिकाचे प्रत्यक्ष नुकसान कोठे होते, हे पाहण्यासाठी व्याजाच्या दोन रीतींची तुलना पुरेशी आहे. 'नऊ टक्के' या उच्चाराने कर्जाचा दर सांगून झाला असे वाटते. वस्तुतः नऊ टक्के कशावर, हा प्रश्न उरतोच. सहा लाख रुपये पाच वर्षांसाठी घटत्या शिलकेवर नऊ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १,४७,३०० रुपये होते. तेच कर्ज सरसकट, म्हणजे मूळ रकमेवर अखेरपर्यंत नऊ टक्क्यांनी घेतले तर व्याज २,७०,००० रुपये आणि हप्ता १४,५०० रुपये होतो. घटत्या शिलकेच्या भाषेत सांगावयाचे तर हा दुसरा दर सुमारे १५.७ टक्के आहे. दोन्ही ठिकाणी तोंडाने उच्चारला जातो तो आकडा मात्र एकच. विक्रेत्याच्या दुकानातच कागद भरला जातो आणि रजेचे दिवस मोजके असतात. अशा वेळी 'नऊ टक्के' एवढेच शब्द कानी पडतात. 'हप्ता' या शब्दाचा इतिहास येथे सहज आठवतो. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात. हप्ता म्हणजे सात दिवसांचा आठवडा. त्यावरून आठवड्याची देणी, आणि मग कोणत्याही नियत काळाची देणी. शब्दातून काळ निसटला आणि रक्कम तेवढी उरली. ऋणकोच्या मनातही नेमके असेच घडते : हप्ता किती हे त्यास पाठ असते, किती हप्ते हे नसते.

या अडचणीचा भाषिक बाजूने विचार करणारी एक तरतूद अलीकडे झाली आहे, आणि भाषाभ्यासकांचे तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदतकर्जांस लागू झालेल्या आदेशानुसार, करार होण्यापूर्वी धनकोने ऋणकोस मुख्य तथ्यांचे एक विवरणपत्र दिले पाहिजे. त्यात सर्व आकार धरून येणारा वार्षिक टक्केवारी दर दिला पाहिजे. आणि ते ऋणकोस समजणाऱ्या भाषेत लिहिलेले असले पाहिजे. त्यातील अटींवर विचार करण्यास दीर्घ मुदतीच्या कर्जात किमान तीन कामाचे दिवस मिळतात. 'समजणारी भाषा' म्हणजे कोणती? देवनागरीत लिहिलेले 'प्रीपेमेंट', 'फोरक्लोजर', 'ॲन्युअल पर्सेंटेज रेट' हे मराठी झाले काय? की 'पुरोबंध', 'वार्षिक प्रतिशत दर' अशी संस्कृतोद्भव नाणी पाडली म्हणजे समजणे घडते? डाळजच्या जवानास 'मुदतीआधी कर्ज मिटविणे', 'सगळे आकार धरून वर्षाचा दर', 'घटत्या शिलकेवरचे व्याज', 'नजरगहाण' हे शब्द कोणी समजावून न देताही उमगतात, कारण ते सोसायटीच्या, कारखान्याच्या आणि तलाठी कार्यालयाच्या भाषेतलेच आहेत. परिभाषा अभ्यासिकेत घडविण्यापूर्वी ती अगोदरच घडलेली आहे काय, हे विचारावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. मराठीत विवरणपत्र मागणे हा सैनिकाचा हक्क असला तरी तो हक्क वापरला जाणे हे त्या मराठीच्या प्रतीवर अवलंबून आहे.

ज्यास इतिहास नाही त्याने इतिहास निर्माण कसा करावा, याचे उत्तर फारसे गूढ नाही. लहान रकमेचे कर्ज वा मुदतठेवीच्या तारणावरील पतपत्र घेऊन ते वेळेवर फेडीत गेल्यास काही महिन्यांत नोंद सुरू होते. पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मागविता येतो. त्यात चूक आढळल्यास तक्रार नोंदविल्यानंतर तीस दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. सतत पत्ता बदलणाऱ्या मनुष्याच्या नोंदीत नावाची, पत्त्याची आणि एकाच नावाच्या दोन व्यक्तींची सरमिसळ अधिक संभवते, म्हणून हा अहवाल मोटारीच्या अर्जापूर्वी पाहून घेणे सैनिकास विशेष अगत्याचे आहे.

पण कितीही नोंद सुधारली तरी काळाचा प्रश्न शिल्लक राहतो. जून २०२२ मध्ये घोषित झालेल्या अग्निपथ योजनेने तो तीव्र केला. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. घोषणेनुसार पहिल्या वर्षी मासिक वेतन ३०,००० रुपये. त्यातून तीस टक्के सेवानिधीत जाऊन हाती २१,००० रुपये येतात. चौथ्या वर्षी हाती येणारी रक्कम २८,००० रुपये होते. वर उदाहरणादाखल घेतलेला १२,४५५ रुपयांचा हप्ता पहिल्या वर्षीच्या हातच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होतो, आणि पाच वर्षांची मुदत सेवेच्या मुदतीला ओलांडून जाते. सेवा संपताना मिळणारा सेवानिधी, घोषणेच्या वेळच्या हिशेबाने व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये, हा खरा. परंतु पुढील उपजीविकेचे ते भांडवल मोटारीच्या शिल्लक हप्त्यांत विरघळू देणे शहाणपणाचे ठरेल असे वाटत नाही. येथे पत आणि ऐपत यांचा जुना भेद पुन्हा उपयोगी पडतो. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे पत सिद्ध झाली. ऐपतीचा निर्णय मात्र अद्याप व्हावयाचाच असतो, आणि तो बँक करीत नाही.

नियमित सेवेतील सैनिकाची स्थिती याहून स्थिर आहे. पण त्याच्या वाट्यास एक निराळी गैरसोय येते. वाहन एका राज्यात नोंदविलेले आणि मुक्काम दुसऱ्या राज्यात, ही अडचण सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या 'बीएच' मालिकेच्या नोंदणीने पुष्कळ कमी झाली. कर्ज फिटल्यानंतरची अडचण मात्र तशीच आहे. शेवटचा हप्ता भरला म्हणजे बोजा आपोआप उतरतो अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि सातबाऱ्याच्या बाबतीतही ती तितकीच चुकीची आहे. बँकेने ना-हरकत पत्र द्यावे लागते. मोटारवाहन नियमांतील पस्तीस क्रमांकाचा नमुना धनको व ऋणको या दोघांच्या सह्यांनिशी परिवहन कार्यालयास सादर करावा लागतो. तेव्हाच नोंदणीपुस्तकातील नजरगहाणाचा उल्लेख रद्द होतो. सीमेवर असलेल्या मनुष्याकडून हे काम राहून जाते. कर्ज नसते, पण कर्जाची नोंद असते. आणि मोटार विकावयास काढली, अथवा अपघातानंतर विम्याच्या रकमेचा प्रसंग आला, म्हणजे वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचे नाव पुन्हा पुढे येते. रजेवर येताना पस्तीस क्रमांकाचा नमुना आणि बँकेचे पत्र बरोबर आणण्याची सवय पलटणींत अद्याप सर्वत्र रुळलेली नाही.